भिंगरीची आई

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही तिघं सुखरूप पोचलो. हे आधीच लिहून टाकलं, म्हणजे उरलेलं पत्र तू खाली बसून वाचशील. तुझी लेक या क्षणी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आहे. माझा पाय बधिर झालाय, पण हलवायची सोय नाही.

गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती. एका अनोळखी बाईने भिंगरीला आपल्या ट्रंकेवर बसवून घेतलं. तू फलाटावर हात हलवत होतीस तोवर ती हसत होती. गाडी वळल्यावर मात्र तिने जो सूर लावला, तो पुढचं जंक्शन येईपर्यंत. अडीच वर्षांच्या पोरीत एवढा दम येतो कुठून, असं बाबा म्हणाले. मी म्हटलं, आईवर गेली आहे.

हे गाव पार पश्चिम सीमेला टेकलेलं, त्यामुळे तोफांचा आवाज नाही. बेकरीच्या वर एक खोली मिळाली आहे. भिंती गरम राहतात आणि उशांनाही पावाचा वास येतो. मला लष्करी इस्पितळाच्या धुलाईघरात काम मिळालं. बाबांना दुकानातलं शिवणयंत्र सोडून यावं लागलं, पण कात्री, टाचण्या आणि धाग्याची रिळं त्यांनी कोटाच्या खिशात कोंबून आणली आहेत. भिंतीवर देशाचा नकाशा लावलाय. रेडिओ ऐकून ते त्यावर टाचण्या टोचतात आणि टाचण्यांना लाल धागा गुंडाळतात. धाग्याच्या उजवीकडे शत्रू, डावीकडे आपण. राजधानी आठवड्याभरात पडणार असं रेडिओवरचे सगळे जाणकार सांगतात. बाबा म्हणतात, ही माप न घेता कापड कापणारी माणसं.

आई कधी येणार, असं भिंगरी सारखं विचारते. सगळ्यांना पाणी सोडून झालं की येईल, असं मी सांगितलं. तेव्हापासून नळ सोडला की विचारते, हे आईने पाठवलं का. मी हो म्हणते.

तुझ्या जागी दुसरं माणूस मिळालं की पहिल्या गाडीने नीघ. भाऊजींचं काय ठरलं तेही कळव. लोभ आहेच, तो पत्रांनी ताजा ठेव.

तुझी,
धाकटी


६ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. उभ्यानेच वाचलं, कारण पंपघरातल्या खुर्च्या खिडक्यांना आड लावायला गेल्या आहेत.

राजधानी काही पडली नाही, हे बाबांनी टाचण्या हलवून दाखवलं असेलच. शत्रूच्या गाड्यांची रांग चिखलात रुतली, त्यांचं तेल संपलं आणि आपल्या लोकांनी ती मागून तोडली. परवा ते उत्तरेकडून सरळ माघारी गेले. इथे लोक रस्त्यावर येऊन एकमेकांच्या गळ्यात पडत होते. शेजारच्या न्हाव्याने दिवसभर सगळ्यांची दाढी फुकट केली. मला वाटलं, संपलं. पंपघराचे मुकादम म्हणाले की संपलं नाही. उत्तरेतून निघालेलं सैन्य आता आपल्याकडे वळेल.

ट्रामचा डेपो बंद झाला आणि हे लष्करात गेले. ट्रक चालवायला दिलाय. जन्मभर रुळांवर गाडी हाकली, आता हातात चाक आलंय आणि चुकायला चारी दिशा मोकळ्या आहेत, असं म्हणत होते. निघताना भिंगरीचा एक मोजा खिशात घालून गेले. दुसरा माझ्याकडे आहे.

वीज कधी असते, कधी नसते. नसली की जुना डिझेल पंप चालवतो. आमच्यातले निम्मे लोक निघून गेले. त्यांना मी नावं ठेवत नाही. पण वरच्या टाकीत पाणी चढलं नाही तर इस्पितळातली शस्त्रक्रिया थांबते. त्यामुळे महिनाभर तरी मला सुटता येणार नाही. नळाबद्दल तू तिला जे सांगितलंस ते फार आवडलं. तेच सांगत राहा.

तिला दिवसभर पाव चारू नकोस. बाबांना नमस्कार. तिच्या दोन्ही गालांना माझा एकेक पापा.

तुझी,
ताई


१९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा महिना बराच लांबला. रागावून लिहीत नाही, नुसतं लिहिते.

मुकादमांचं खरं ठरलं. लाल धागा रोज पूर्वेकडून तुझ्या दिशेने सरकतोय. बाबा हल्ली रेडिओ ऐकून झाल्यावर टाचणी हातात धरून बराच वेळ उभे राहतात, मग कुठेतरी टोचतात. पण आम्हाला धुलाईघरात रेडिओच्या आधी कळतं. रेडिओ सांगतो, परिस्थिती स्थिर आहे, आणि आगगाडीतून जखमींच्या चादरींचे गठ्ठे छतापर्यंत येतात. रक्त गार पाण्यात भिजवायचं, गरम लावलं की डाग बसतो. माझ्या हातांची सालं निघाली आहेत, पण काम बरं वाटतं. सोबतच्या बायका फार चावट आहेत, रडू देत नाहीत.

एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. परवा भिंगरी जिन्यात पडली, गुडघा फुटला, आणि धावत आली ती ‘आई’ म्हणत माझ्याकडे. खालची बेकरीवाल्याची मुलं आपल्या आईला हाक मारतात, ते ऐकूनही असेल. मी तिला म्हटलं, मी मावशी. तिने मान डोलावली आणि संध्याकाळी पुन्हा आईच म्हणाली. मी काय करू, ते लिही. तुझा फोटो मी रोज दाखवते. फोटोला ती ‘पाणी’ म्हणते.

ताई, नदीवरचा पूल शाबूत आहे तोवर ये. सांभाळून राहा, आणि माझ्यावर राग धरू नकोस.

तुझी,
धाकटी


२२ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र घेऊन जाणारा ट्रक अंगणात उभा आहे, म्हणून घाईत लिहिते.

आपलं सैन्य आज नदीपलीकडे, पश्चिमेच्या काठावर जातंय. ते गेलं की पूल उडवणार. शत्रू शहराबाहेरच्या वीटभट्ट्यांपर्यंत आला आहे. आम्हाला अधिकाऱ्याने विचारलं की येता का, जागा आहे. मुकादमांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. इस्पितळातले निम्मे रुग्ण हलवण्यासारखे नाहीत, डॉक्टरही त्यांच्यापाशी थांबताहेत. गल्लीगल्लीत म्हातारी माणसं आहेत. शत्रू आला म्हणून त्यांची तहान थांबत नाही. मी नाही म्हटलं.

तू विचारलं होतंस त्याचं उत्तर. मी त्यावर रडले, मग विचार केला. तिला तुला आई म्हणू दे. अडवू नकोस. तो शब्द तिच्या तोंडात राहिला पाहिजे, कोणासाठी का असेना. मोठेपणी उगीच कुठे अडखळायला नको.

हे पलीकडच्या काठावर आहेत, एवढंच कळलंय. आता कदाचित बराच काळ पत्र येणार नाही. त्यावरून वाईट काही ठरवू नका. ट्रकवाला हॉर्न वाजवतोय.

तुझी,
ताई


११ जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

नदीपलीकडची पत्रं पोस्टात घेत नाहीत. खिडकीतली बाई भली होती, माझ्याआधी तीच ओशाळली. तरी लिहिते आहे. लिहून झालं की बाबांकडे देईन, ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवतात.

धागा आता नदीवर थांबलाय. नकाशात तुझं शहर उजव्या बाजूला गेलं. त्या टाचणीला बाबांनी धागा लावला नाही. त्यांनी धागा टाचणीच्या बाजूने नेला आणि म्हणाले की ही शिवण तात्पुरती आहे, उसवायची आहे.

भिंगरीला गोवर झाला होता, आता बरी आहे. तिचं आणि बाबांचं कोण जास्त खोटारडं यावर रोज भांडण चालतं. ती तुझ्यासारखी उजव्या कुशीवर, हात गालाखाली घेऊन झोपते. हे तिला कोणी शिकवलं नाही. मी बघत बसते आणि मला एकदम तू हवीशी वाटतेस. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. माझ्या केसांना तेल लावून देणारं इथे कोणी नाही.

ती मला आता आईच म्हणते. तू परवानगी दिलीस म्हणून नव्हे, तिने विचारलंच नाही. आणि मला ते आवडायला लागलंय, ताई. हे पत्र तुला मिळणार नाही, म्हणून लिहिलं.

तुझी,
धाकटी


२८ जून

चि. धाकटीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

मी जिवंत आहे. शहर सुटलं.

तुम्ही रेडिओवर ऐकलं असेल, पण मी पाहिलं ते सांगते. आपल्या सैन्याने वरच्या अंगाला, जिथे नदी पसरट आहे तिथे तरंगता पूल टाकला आणि शत्रूच्या पाठीमागे जाऊन पोचलं. इथे आम्हाला नुसता आवाज ऐकू यायचा. मग एका सकाळी पंपघरावरचा त्यांचा पहारा दिसेनासा झाला. खुर्चीवर त्या शिपायाची टोपी तशीच होती. दुपारपर्यंत कोणी घराबाहेर आलं नाही. मग कोणाच्या तरी गच्चीवरून आपल्या भाषेत एक शिवी ऐकू आली आणि सगळी गल्ली हसायला लागली.

हिवाळ्याबद्दल थोडंच लिहिते. पंप आम्ही चालू ठेवला. तेच पाणी त्यांचे अधिकारी प्यायचे, तेच आपली माणसं. ज्यांनी यावरून मला बोल लावला, त्यांच्याही हातात बादली होतीच. मुकादमांना फेब्रुवारीत चौकशीला नेलं. ते परत आले नाहीत. त्यांचा डबा अजून खुंटीला आहे, मला तो काढवत नाही.

आता चांगलं. चौथ्या दिवशी एक धुळीने माखलेला ट्रक दारात थांबला आणि त्यातून हे उतरले. मी ओळखलं नाही. दाढी पांढरी झाली आहे. अर्धा दिवस मिळाला होता. मी त्यांचं डोकं धुऊन दिलं, तीन वेळा पाणी बदललं तरी काळंच निघत होतं. जेवता जेवता बसल्या जागी झोपले. उठल्यावर लेकीचं विचारलं. मी सांगितलं की ती धाकटीला आई म्हणते. ते हसले, म्हणाले की मग मला आयती मेहुणीच्या हातची पोर मिळाली. नंतर उठून बाहेर गेले आणि मोठ्या नळाला हात टेकून बराच वेळ पाठमोरे उभे होते. संध्याकाळी पूर्वेला गेले, खाणींच्या मुलखाकडे. तिकडे शत्रू खंदक खणून बसलाय.

विजेचे खांब त्यांनी जाताना पाडले. तोफांचे गोळे अजून पोचतात. हे जरा सावरलं की मी येते.

बाबांना सांग, शिवण उसवली.

तुझी,
ताई


(बाबांना जे सांग म्हणून लिहिलंस, तेच शब्द ते जानेवारीत बोलले होते. वाचून त्यांनी सगळ्या टाचण्या काढून नव्याने टोचल्या.)

१४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वरच्या दोन ओळी जुलैत लिहून ठेवल्या होत्या, पत्र पुरं करणं राहिलं. आता करते, आणि आता रागानेच करते.

शहर सुटून पाच महिने झाले. आधी खांब उभे व्हायचे होते, ते झाले. मग टाकीला पडलेलं भगदाड बुजवायचं होतं, ते बुजलं. आता हिवाळ्याआधी नळ गुंडाळायचे आहेत. ताई, तुझ्या त्या पंपाला नेहमीच काहीतरी होत राहणार. इकडे एक पोर आहे, तिलाही काहीतरी होत असतं. ती चार वर्षांची झाली. तिला अंक येतात, बुटांची नाडी बांधता येते, आणि तू कोण हे तिला माहीत नाही.

धागा उन्हाळ्यापासून हललेला नाही. आधी चादरी भरतीसारख्या यायच्या, मग ओसरायच्या. आता रोज तेवढ्याच येतात. धुलाईघरात कोणी आता चावटपणा करत नाही. मला भीती वाटते की हे असंच कायम चालेल आणि आपल्याला त्याची सवय होईल.

तू आलीस तर ती तुझी होईल आणि मी रिकामी होईन, हे मला ठाऊक आहे. तरी ये म्हणते. यावरून काय ते समज.

धाकटी


२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात यांच्या तुकडीचे अधिकारी घरी आले. हे गेले. खाणींच्या रस्त्यावर पुढच्या खंदकांना पाव पोचवून परत येत होते. ट्रक रिकामा होता. सोबतचा शिपाई वाचला, तो मला भेटून गेला. तो म्हणाला की रस्ता खराब असला की ते ट्रामची घंटा तोंडाने वाजवायचे, सगळे हसायचे. त्या दिवशीही वाजवत होते.

मला लिहायला इतके दिवस लागले, कारण लिहिलं की ते तुमच्याकडेही खरं झालं असतं.

तू रागावलीस ते बरोबर आहे. पंपाचं काम होतंच, खोटं नाही. पण त्याच्या आड मी लपतही होते. इथे मी तिची आई आहे, कारण ती इथे नाही. तिथे आले आणि तिने माझ्याकडे पाहून तुझ्या मागे दडी मारली, तर मी कोण उरते, हे मला कळेना. हे होते तोवर वाटायचं, दोघं मिळून जाऊ, एकाला तरी ओळखेल.

आता एकटीच येते. मार्च अखेरीला रजा मिळेल. बाबांना तू तुझ्या पद्धतीने सांग. तिला काही सांगू नकोस.

तुझी,
ताई


९ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

काल घरी परत पोचले. डब्यातला पाव जंक्शनवर खाल्ला, उशीसारखाच वास होता.

तू पहिल्या दिवशी मुद्दाम जादा पाळी घेऊन आम्हाला एकटं सोडलंस, ते माझ्या लक्षात आलं. जिन्यावर तू किती वेळ उभी होतीस तेही मला ऐकू आलं. तू गेल्यावर काय झालं हे तेव्हा सांगता आलं नाही, आता सांगते.

तिने मला नकाशा दाखवला. म्हणाली, हा धागा म्हणजे लढाई. आजोबा धागा हलवतात तेव्हा आईला कामावरून यायला उशीर होतो. मग नाडी बांधून दाखवली, सोडून पुन्हा बांधली. तुझ्यासारखी बोलते, प्रत्येक वाक्याआधी ‘अगं’ लावून. माझ्या हातावरचा भाजल्याचा डाग बोटाने चाचपला. मग अगदी सहज विचारलं की मावशी, तुला मुलं आहेत का. मी म्हटलं, एक आहे. तिने विचारलं, कुठे असते. मी म्हटलं, जवळच असते. तिला ते पटलं. म्हणाली की पुढच्या वेळी तिलाही घेऊन ये, आपण खेळू.

मी तिच्यावर रागावले नाही, तुझ्यावर तर नाहीच. पोर अशी धीट, स्वच्छ, हसरी वाढवलीस. यांनी पाहायला हवी होती. पण गाडी सुटली तेव्हा मला कळलं, या वेळी फलाटावर ती होती आणि गाडीत मी, आणि तरी सोडून जाणारी पुन्हा मीच.

मी काही मागत नाही. युद्ध संपल्यावर काय ते तू ठरव. तुझ्या हातांना लावायला मलम पाठवते आहे, रोज लाव.

तुझी,
ताई


३० ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल दुपारी बारानंतर तोफा थांबल्या. रेडिओवर त्याला तह म्हणत नाहीत, युद्धविराम म्हणतात. धागा आहे तिथेच राहणार. खाणींचा मुलूख गेला. बाबा नकाशाकडे बघत म्हणाले की कपडा तोकडा झाला पण अंगावर आहे. नंतर तोंड भिंतीकडे करून रडले. आम्ही धुलाईघरातल्या बायका अंगणात उन्हात नुसत्या आडव्या पडलो.

तू काही मागितलं नाहीस, म्हणून मला झोप येईनाशी झाली. मागितलं असतंस तर भांडले तरी असते.

मागच्या रविवारीच मी भिंगरीला समोर बसवलं आणि सांगितलं की जी मावशी आली होती ती तुझी आई, तू तिच्या पोटातून आलीस. तिने विचार केला आणि विचारलं, मग तुझ्याकडे कुठून आले. बाबा म्हणाले, गाडीतून. तिला हे पुरलं नाही. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली की तिथे वेणी कोण घालणार.

बाबा आणि ती यायला निघताहेत. मी पोचवायला येईन आणि परत फिरेन. इस्पितळ अजून भरलेलं आहे, युद्धविरामाने तुटलेले पाय उगवत नाहीत. शिवाय मी तिथे असेन तोवर ती तुझ्याकडे वळणार नाही. मला मोठी समजू नकोस. मी गाडीत बसल्यावर काय करीन, ते माझं मलाच माहीत नाही.

ती दूध पिताना कप दोन्ही हातांनी धरते, तो काढून घेऊ नकोस. अंधारात दार थोडं उघडं लागतं.

तुझी,
धाकटी


१७ डिसेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तू गेल्यावर चांगलं चाललंय असं मागच्या पत्रात लिहिलं, ते सगळं खरं नव्हतं. तिने पहिला आठवडा बूट काढले नाहीत. दारापाशी तुझ्या बॅगेच्या जागी बसून राहायची. मला हात लावू देत नव्हती. वेणी बाबांनी घातली, इतकी घट्ट की डोळे ताणले गेले; शिंप्याची वेणी, उसवणार नाही, असं म्हणाले. त्यावर ती पहिल्यांदा हसली. मी स्वयंपाकघरात होते, तिथूनच ऐकलं. पुढे गेले नाही.

मग मी तिला पंपघरात नेलं. मोठा व्हॉल्व्ह फिरवायला तिचे हात माझ्या हातांखाली घेतले. पाणी नळात शिरल्याचा आवाज आला तशी ती दचकली, आणि हात तसेच राहू दिले. येताना रस्त्यात माझ्या बरोबरीने चालली.

नदीवर नवा पूल बांधताहेत. यांच्या ट्रामचे रूळ पुन्हा टाकणार म्हणे. मागची खोली मी रंगवून घेतली आहे, खिडकीला काच बसली. इथल्या इस्पितळातही चादरी धुवायला माणसं लागतात, मी विचारून ठेवलंय. तिला तू लागतेस, हे आहेच. मलाही लागतेस. कोटाच्या आतल्या खिशातलं तुझं जानेवारीचं पत्र बाबांनी मला दिलं. तुझ्या केसांना तेल लावायला इथे कोणीतरी आहे.

काल दुपारी तिला ताप आला. बाबा औषध आणायला गेले होते. मी मागच्या दारी मोटरचे भाग धूत होते, कोपरापर्यंत ग्रीस होतं. आतून तिने ‘आई’ अशी हाक मारली. मला मारली की तुला, हे मी विचारलं नाही. हात पुसले आणि गेले.

लोभ ठेव, आणि पुढचं पत्र हाताने आणून दे.

तुझी,
ताई